मालाचा कस आणि माणसांचा विश्वास
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषयाची निवड मंडळाने आमच्यावरच सोपविली होती. आपल्या ज्ञातीत बागायतदार आहेत, आणि त्यांचा माल विकत घेणारे व्यापारीही आहेत. तागडीच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी असतात. म्हणून शेतमालाचा कस कशाने वाढतो, याविषयी बोलावे असे आम्ही ठरविले, आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते कॉफीचे. कॉफी हे आपल्याकडचे मोठे पीक नव्हे. चिखलदऱ्याच्या डोंगरावर थोडीशी होते, तेवढीच काय ती महाराष्ट्राची कॉफी. तरीही माल सुधारावयाचा तर आधी माणसामाणसांतील व्यवहार सुधारावा लागतो, ही गोष्ट कॉफीच्या इतिहासात जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसऱ्या पिकात क्वचितच दिसेल.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. आमचे घराणे कोकणातले, काजूबी विकत घेणाऱ्यांचे. चैत्र लागला की पंचक्रोशीतील शेतकरी डोक्यावर गाठोडी घेऊन आमच्या ओटीवर येत. त्यांत एक वयस्क बाई असे. ती बी वेचून, बोंडाचा गर नीट काढून, तीन-चार दिवस खळ्यात कडक उन्हात वाळवून आणी. तिच्या मागोमाग येणारा दुसरा कोणी कालच वेचलेली ओली बी आणून ओती. दोघांनाही भाव एकच. ओली बी वजनाला अधिक भरे. म्हणजे वाळविण्याचे कष्ट करणाऱ्या त्या बाईच्या पदरात तेवढ्याच मालाचे पैसे उलट कमी पडत. दोन-तीन वर्षांनी तिनेही वाळविणे सोडले. पुढे आमच्या पोत्यांत बुरशी धरलेली बी निघू लागली, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी म्हणत, "लोक हल्ली आळशी झाले." लोक आळशी झाले नव्हते. आमच्या काट्याने त्यांना हिशेब शिकविला होता. हा दोष आमच्या घरचा आहे, म्हणून तो आज या व्यासपीठावरून कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आता कॉफीकडे वळू. जुनी मंडळी ज्याला बुंद म्हणत, तो कॉफीचा दाणा म्हणजे एका लहानशा लाल फळातील बी. हे फळ एकदम पिकत नाही. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर, लाल आणि अतिपक्व काळसर अशी फळे एकाच वेळी असतात. पिकलेली तेवढीच तोडावयाची, तर हंगामात त्याच झाडाकडे तीन-चार वेळा जावे लागते. फांदी ओरबाडून काढली तर काम एका दिवसात उरकते. तोडलेले फळ त्याच दिवशी सोलावे लागते; पोत्यात रात्रभर राहिले तर ते तापते आणि आंबते. सोललेल्या बीवरचा बुळबुळीत थर टाकीत ठेवून सुटा करावयाचा, स्वच्छ पाण्याने धुवून काढावयाचा, आणि मग जमिनीपासून उंच मांडलेल्या जाळीच्या मेजांवर पसरून, हाताने खालीवर करीत, पाण्याचा अंश शेकडा ११ ते १२ वर येईपर्यंत वाळवावयाचे. सुमारे ६ किलो फळांतून १ किलो दाणा हाती येतो. यांतील कोणतीही पायरी चुकली, तर पुढे भाजणारा कितीही कुशल असला तरी त्याला ती सुधारता येत नाही. कॉफीचा कस बागेत आणि वाळवणात ठरतो. पुढच्यांच्या हाती तो राखणे एवढेच उरते.

यातून दोन अडचणी निघतात. पहिली अशी की, कस वाढविण्याचे सर्व कष्ट ज्याने करावयाचे, त्याला ते कष्ट केल्याबद्दल अधिक मिळेल याची खात्री नसते. दुसरी याहूनही विचित्र आहे. बाजारात तज्ज्ञ परीक्षक कॉफी चाखून तिला शंभरांपैकी गुण देतात, आणि ८० वा अधिक गुण मिळालेली कॉफी विशेष दर्जाची मानली जाते. परंतु जगातील असंख्य कॉफी-उत्पादकांनी आपल्या स्वतःच्या बागेतील कॉफी कधी तोंडात घातलेली नसते. ज्या परीक्षेत आपला माल नापास होतो ती परीक्षा कशाची, हेच परीक्षार्थ्यास ठाऊक नाही! अशा स्थितीत सुधारणेचा उपदेश करणे म्हणजे जन्मांधास रंग समजावून सांगण्यासारखे होय.

या दोन्ही अडचणी एका लहानशा देशाने कशा सोडविल्या, ते आता पाहू. तो देश म्हणजे आफ्रिकेतील रुआंडा. हजार टेकड्यांचा देश म्हणून तो ओळखला जातो. समुद्र त्याला कोठेही लागत नाही. तेथे कॉफी नेली ती विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन मिशनऱ्यांनी. पहिल्या महायुद्धानंतर देश बेल्जियमच्या अमलाखाली गेला, आणि १९३० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांवर कॉफी लावण्याची सक्तीच झाली. पुढे स्वातंत्र्य आले तरी सक्तीची सवय गेली नाही. कॉफीचे झाड उपटणे हा गुन्हा होता. भाव सरकारी मंडळ ठरवी, आणि तो चांगल्या-वाईट मालाला एकच असे. शेतकरी घरीच फळे कशीबशी सोलून, अंगणात वाळवून, ओझे बाजारात नेऊन टाकीत. जमिनी उंचावरच्या, ज्वालामुखीने सकस केलेल्या, झाडे उत्तम बोर्बोन जातीची. आणि तरीही जगाच्या बाजारात त्या कॉफीला हलक्या मालाचीच किंमत येई. आमच्या ओटीवरची ती काजूबी येथे आपणांस आठवावी.

जुलै १९८९ मध्ये कॉफी विकणाऱ्या व घेणाऱ्या देशांमधील कोट्याचा आंतरराष्ट्रीय करार कोसळला, भाव गडगडले, आणि त्या देशाचे कंबरडे मोडले. त्यापाठोपाठ यादवी युद्ध पेटले. आणि १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत तेथे जो नरसंहार झाला त्यात ८ लाखांच्या आसपास, कदाचित त्याहून अधिक, माणसे मारली गेली. शेजाऱ्याने शेजाऱ्यास मारले. बागा ओस पडल्या. जे वाचले त्यांत विधवा आणि पोरकी मुले यांची संख्या मोठी होती.

या राखेतून दक्षिण रुआंडातील मराबा नावाच्या टापूत १९९९ साली शेतकऱ्यांनी एक सहकारी संस्था काढली. तिचे नाव अबाहुझामुगांबी. अर्थ असा की, एका हेतूने एकत्र काम करणारी माणसे. प्रारंभी सभासद होते सुमारे २२०. त्यांची पहिली खटपट साधी होती: मधल्या वाहतूकदाराला टाळून राजधानी किगालीतील निर्यातदारांना आपला माल आपणच पोहोचवावा. दोन पैसे अधिक मिळाले, पण फार नाही. कारण माल तोच होता. मग २००० साली बुटारे येथील राष्ट्रीय विद्यापीठ, अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठ व टेक्सास ए अँड एम विद्यापीठ यांचा एक संयुक्त प्रकल्प सुरू झाला. टिमथी शिलिंग हे अमेरिकन कृषितज्ज्ञ त्याचे प्रमुख होते. जुलै २००१ मध्ये मराबात कॉफी धुण्याचे पहिले केंद्र उभे राहिले.

त्या केंद्राच्या दारात मालाची निवड होऊ लागली, हा खरा बदल होता. आणलेली फळे शेतकऱ्यासमक्ष पाहावयाची. लाल तेवढी घ्यावयाची, हिरवी व किडकी परत द्यावयाची. पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ फळे वेगळी काढावयाची. पहिल्या दिवसांत अर्धी टोपली परत घेऊन जाण्याची पाळी आलेल्यांना हे किती झोंबले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. परंतु नियम सर्वांना एक होता, तो डोळ्यांसमोर लागू होत होता, आणि लाल फळाला खरोखरीच अधिक दाम मिळत होता. २००२ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील कम्युनिटी कॉफी या कंपनीने मराबाची कॉफी चाखून १८ टनांचा एक कंटेनर विकत घेतला. भाव किलोला सुमारे ३ डॉलर. त्या दिवसांत जगात कॉफीचे दर किलोला १ डॉलरच्या आसपास घसरून लक्षावधी उत्पादक देशोधडीला लागत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ३ डॉलरांचे मोल कळते. पुढल्या वर्षी इंग्लंडातील खरेदीदारही आले. सभासदांची संख्या २ हजारांच्या घरात गेली.

हे खरेदीदार एकदा माल नेऊन परागंदा झाले नाहीत. ते पुढल्या हंगामात पुन्हा आले, टेकड्या चढून बागा पाहून गेले, आणि कोणत्या पोत्यात काय उणे होते ते उत्पादकांस सांगून गेले. आपल्याकडे व्यापारी "माल हलका आहे" एवढेच सांगतो, तेही भाव पाडण्यापुरते. हलका म्हणजे काय, कशाने झाला, पुढल्या वर्षी काय केले असता होणार नाही, हे सांगण्यास त्याला सवड नसते. मराबात ते सांगणे हाच व्यवहाराचा अर्धा भाग झाला.

तथापि परदेशचा तज्ज्ञ वर्षातून एकदा येऊन जाणार. रोज उठून शिकविणार कोण? म्हणून विद्यापीठात चाखण्याची प्रयोगशाळा काढून तेथीलच तरुण-तरुणींना परीक्षक म्हणून तयार करण्यात आले. भाजावे कसे, दळावे किती, उकळते पाणी ओतून किती वेळ थांबावे, चमच्याने जिभेवर घोट फवारून आंबटपणा, गोडवा, जडपणा, उरणारी चव यांची नोंद कशी करावी, हे सारे त्यांनी आपल्या भाषेत शिकून घेतले आणि आपल्या भाषेत शिकविले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कॉफी पिकविली पण प्याली नव्हती, त्यांच्या हाती त्यांच्याच बागेची कॉफी पेल्यात आली. आंबलेल्या फळाची आणि नीट पिकलेल्या फळाची कॉफी शेजारी शेजारी चाखल्यावर निराळे व्याख्यान लागत नाही. २००८ साली कप ऑफ एक्सेलन्स ही नामांकित स्पर्धा आफ्रिका खंडात प्रथम भरली ती रुआंडात. २००० साली त्या देशात धुण्याची केंद्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे त्यांची संख्या ३०० वर गेली.

शिक्षणाचा उपयोग कोठवर होतो, याचे एक बारीक उदाहरण देतो. त्या प्रदेशातील कॉफीस एक विलक्षण खोड आहे. एखाद्या पेल्यास एकाएकी कच्च्या बटाट्यासारखा वास येतो. कच्च्या दाण्यात तो दोष डोळ्यांना सहसा दिसत नाही, आणि असा एक दाणा सबंध पेला नासवितो. फळाला भोक पाडणाऱ्या अँटेस्टिया नावाच्या ढेकणाशी त्याचा संबंध आहे. उपाय कोणता? झाडाची वेळेवर छाटणी, कीड दिसताच बंदोबस्त, तरंगणारी फळे वेगळी करणे, आणि वाळवणाच्या मेजावर हाताने निवड. म्हणजे हजारो हातांनी, कोणी पाहत नसताना, प्रामाणिकपणे करावयाचे काम. कोणत्याही पर्यवेक्षकाला ते करवून घेता येणार नाही. आपल्या नावाने हा माल जातो, असे ज्याला वाटते तोच ते करतो.

त्या निवडीच्या मेजांभोवती बसणाऱ्या स्त्रियांत, ज्यांचे पती १९९४ मध्ये मारले गेले अशा होत्या, आणि ज्यांचे पती त्याच हत्यांच्या आरोपाखाली तुरुंगात होते अशाही होत्या. कॉफीने त्यांची दुःखे पुसली असे म्हणणे धाडसाचे होईल. आम्ही ते म्हणत नाही. एका मेजावर, एका मापाने, एका मजुरीने त्या काम करू लागल्या, एवढी वस्तुस्थिती आहे. आणि तेवढीही थोडी नाही.

या कथेला दुसरी बाजूही आहे. शेतकरी आणि केंद्र यांचे नाते घट्ट व्हावे, म्हणून तेथील सरकारने २०१६ साली टापू आखून दिले, आणि आपल्या टापूतील केंद्रालाच फळे विकण्याचे बंधन घातले. हेतू चांगला होता. परंतु शेतकऱ्यास दुसरे दार बंद झाल्यावर पहिल्या दाराला भाव वाढविण्याची निकड उरली नाही, अशी टीका होऊ लागली, आणि २०२३ साली ते बंधन काढून टाकावे लागले. विश्वास हा निवडीतून येतो. सोडून जाण्याची मोकळीक असताना जो थांबतो, त्याच्याशीच आपले नाते असते.

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतात कॉफीचे सुमारे शेकडा ९८ हून अधिक उत्पादक लहान आहेत. १९४२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कॉफी बोर्डाकडे पूर्वी सर्वांचा माल एका साठ्यात जमा होई. त्या पद्धतीने लहान माणसास खात्रीचा आधार दिला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु कोणाच्या बागेतील दाणा कोणाच्या पेल्यात गेला याचा माग त्यात उरत नसे. १९९६ पर्यंत हे बंधन पूर्णपणे उठले, आणि बागेचे नाव पोत्यावर येऊ लागले. याच बोर्डाच्या गुणनियंत्रण विभागाच्या प्रमुख राहिलेल्या सुनालिनी मेनन यांनी कॉफी चाखण्याच्या शास्त्रात जागतिक कीर्ती मिळविली, ही गोष्ट येथे जमलेल्या भगिनींस आम्ही मुद्दाम सांगतो.

पूर्व घाटातील अरकू खोऱ्याचा अनुभव तर मराबाचा जणू सख्खा भाऊच आहे. आंध्र प्रदेशातील या आदिवासी मुलखात पूर्वी डोंगर जाळून फिरती शेती होई. कॉफी तेथे पूर्वीच पोहोचली होती, पण भाव दारात येणारा दलाल सांगेल तो. हैदराबादच्या नांदी फाउंडेशनने तेथे काम सुरू केल्यावर २००७ साली लहान आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था झाली. बागेत जाऊन शिक्षण, गावागावांतून पिकलेल्या फळांची खरेदी, एका ठिकाणी प्रक्रिया, आणि बाहेरचे परीक्षक बोलावून चाखण्याची स्पर्धा, असा क्रम बसला. २०१७ साली अरकूच्या नावाचे दुकान पॅरिस शहरात उघडले, आणि २०१९ साली अरकूच्या अरेबिका कॉफीस भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली त्या खोऱ्यात फळ पोखरणारा भुंगा आढळला, तेव्हा किडकी फळे तोडून नष्ट करण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. आपल्या हाताने आपले पीक नष्ट करावयास माणूस तयार केव्हा होतो? सांगणारा आपल्या हिताचे सांगत आहे, अशी त्याची खात्री असते तेव्हाच.

बंधुभगिनींनो, या सर्वांतून आपण काय घ्यावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे आम्ही तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली व्यापारी बंधूंसाठी. काट्यावर दोन भाव असू द्या, आणि ते हंगामापूर्वी पाटीवर लिहून लावा: वाळलेल्या, निवडलेल्या मालाचा एक आणि ओल्या, मिसळ मालाचा दुसरा. दोहोंतील अंतर इतके असावे की, वाळविण्याचे दिवस आणि घटलेले वजन दोन्ही भरून निघून वर काही उरेल. माल परत करावयाचा झाला तर कारण दाखवून परत करा. एक वर्ष तोटा आला तरी पुढल्या हंगामात त्याच ओटीवर, त्याच पाटीसह बसा. पहिल्या वर्षी शेतकरी पाटी वाचील, दुसऱ्या वर्षी तपासून पाहील, आणि तिसऱ्या वर्षी तिच्याप्रमाणे वागेल.

दुसरी बागायतदारांसाठी. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती आपल्या दारात आणून दिल्या. परंतु चांगल्या जातीची बी वाईट वाळवली, तर ती वाईटच. आपल्याच मालाचा गर फोडून, भाजून, चाखून पाहा. शेजाऱ्याच्या मालाशेजारी ठेवून पाहा.

तिसरी गोष्ट आपल्या संस्थेसाठी. शिष्यवृत्तीचा निधी आपण दरवर्षी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस देतो. त्यातील एक लहानसा भाग बाजूस काढून गावातील दोन मुली व दोन मुलगे मालपरीक्षेच्या शिक्षणास पाठवावे, आणि परत आल्यावर त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावोगाव आठ दिवसांचे शिबिर घ्यावे. या शिबिराचे दार केवळ आपल्या ज्ञातीपुरते नसावे. काजूच्या पोत्यात सगळ्या वाड्यांची बी एकत्र येते. एका वाडीची ओली राहिली तर बुरशी सगळ्यांच्या मालाला लागते. ज्ञातिसंस्थेने ज्ञातीबाहेर पैसा का खर्चावा, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आमच्या ओटीवर येणारी ती बाई आमच्या ज्ञातीची नव्हती. तिने वाळविणे सोडले, आणि नुकसान झाले ते आमच्या घराचे.

ती बाई आज हयात नाही. तिचा नातू मात्र त्याच बागेत आहे, आणि बी अजूनही ओलीच विकतो. येत्या चैत्रात आमच्या ओटीवर दोन भावांची पाटी लागेल, असे आम्ही या सभेत जाहीर करतो. तो प्रथम विश्वास ठेवणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याचा दोष त्याच्याकडे नाही.